शेजारच्या कार्डावरची गोळी

किशनराव बोधनकर. माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आजही हेच नाव घेईन, आणि घेताना आजही माझं तोंड कडू होईल. काका, तुम्ही गेल्यावर तरी हा कडवटपणा जाईल असं वाटलं होतं. काल तुमच्या तेराव्याचं जेवलो, काकूंच्या पाया पडलो, दिलसुखनगरला घरी आलो. गेला नाही. म्हणून लिहितोय.

देगलूरहून बारावी होऊन आलो तेव्हा आबा मला तुमच्या अंबरपेठच्या दारात घेऊन आले होते. आबा म्हणजे अडतीत पोत्यांचा काटा करणारे माझे वडील, तुम्ही त्यांच्या गावचे, सिकंदराबादला सरकारी कचेरीत नोकरीला असलेले मोठे माणूस. आबांच्या काखोटीला तुरीच्या डाळीचं गाठोडं होतं. ते दारातच उभे राहिले. वयानं मोठे असूनही तुमच्या पाया पडायला वाकले, तर तुम्ही त्यांचे खांदे धरले आणि माझ्याकडे न बघताच म्हणालात, "शिकतो म्हणतोय ना? मग राहू द्या. वरची खोली रिकामीच आहे."

एवढंच. आमच्या घरात पुस्तक म्हणजे पंचांग. त्या घरातला मी बी.कॉम. झालो तो या एका वाक्यावर. मला बसवरची तेलुगू पाटी वाचता येत नव्हती, कॉलेजातलं इंग्रजी कळत नव्हतं. मराठी शाळेचा दाखला बघून प्रवेशाच्या खिडकीतला माणूस नाक मुरडत होता. तुम्ही त्याच्याशी बराच वेळ उर्दूत बोललात. काय बोललात ते मला कळलं नाही, पण शेवटी तो हसला, तुमच्यासाठी चहा मागवला आणि माझा अर्ज सगळ्यांत वर ठेवला. बाहेर आल्यावर म्हणालात, "बालाजी, हैदराबादेत घाई नक्को. आधी माणसाच्या तब्येतीचं विचारायचं, मग कामाचं."

रायफलही तुमच्यामुळेच हातात आली. दर रविवारी सकाळी तुम्ही क्लबात जायचात. सिकंदराबादच्या पलीकडे, खडकांच्या टेकडीआड ते मैदान होतं. एका टोकाला आडवं पडायच्या चटया, दुसऱ्या टोकाला मातीचा बांध आणि त्याच्यापुढे चौकटींवर लावलेली, मधोमध काळा गोल असलेली कागदी कार्डं. प्रत्येक चौकटीखाली लेनचा नंबर. तरुणपणी तुम्ही राज्याकडून खेळला होता. पहिल्या दिवशी मला चटईवर पोटावर झोपवलंत, पट्टा दंडाला आवळलात आणि म्हणालात, "मागच्या चकतीतलं भोक बघू नको. लांबचं काळं बघू नको. नळीच्या टोकाला ही जी माशी आहे ना, ती बघ. ती धारदार दिसली पाहिजे. काळं पुसट दिसू दे, काही बिघडत नाही."

मला ते पटायला वेळ लागला. ज्याला मारायचं तेच पुसट दिसू द्यायचं, हे माझ्या गावच्या डोक्याला उलटं वाटायचं. पण डोळ्याला एका वेळी एकच अंतर नीट दिसतं. मागची चकती, माशी आणि निशाण, तिन्ही एकदम नाही. तुम्ही कापराची वडी पेटवून तिच्या धुरावर माशी धरायचात, काजळी चढली की उन्हात ती चमकायची नाही. कापराचा वास आला की कुणीतरी ओरडायचं, "बोधनकरचाचा की आरती शुरू!" तुम्ही हसायचा नाहीत.

घरी बोळाच्या भिंतीवर काकूंची काळी टिकली चिकटवून, छऱ्याच्या रिकाम्या बंदुकीनं सराव चालायचा. नळीच्या टोकावर नाणं ठेवायचं. घोडा दाबला आणि नाणं पडलं, की पुन्हा. काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "हौ, लावा सगळ्या टिकल्या भिंतीला. मी कपाळाला वांग्याचं देठ लावते." तुम्ही दुसऱ्या दिवशी टिकल्यांची दोन पाकिटं आणलीत. एक त्यांना, एक भिंतीला.

हे सगळं खरं आहे, काका. हे मी विसरलेलो नाही. विसरलो असतो तर सोपं होतं.

मग ते दिवस आले जेव्हा बाहेरची वस्तू हैदराबादेत सहज दिसायला लागली. फिरोज आठवतो ना, माझ्या शेजारच्या लेनमधला? आठवतोच, तुमचं सगळं शेवटपर्यंत त्यानंच केलं. त्याच्या मामांनी दुबईहून रायफलीवर बसवायची दुर्बीण आणली. एका रविवारी त्यानं मला तिच्यातून बघू दिलं. मी आडवा पडून डोळा लावला आणि उडालोच. कार्ड हाताशी आल्यासारखं. जुनी भोकं दिसत होती. खालचा नंबर ठसठशीत दिसत होता. आणि काळ्यावर माझाच श्वास वर-खाली होताना दिसत होता. मी म्हटलं, "काका, माझा हात किती हलतो ते आज पहिल्यांदा कळलं."

तुम्ही म्हणालात, "काढ ती."

"पण काका, सरावापुरती तरी..."

"सरावात दुर्बीण आणि स्पर्धेत माशी? मग सासर-माहेर करत बस."

"फिरोज करतोच की. आधी दुर्बिणीनं हात बघतो, मग माशीनं मारतो. त्याचे मार्क वाढलेत."

"फिरोजला मी शिकवत नाही. तुला शिकवतो."

फिरोज बाजूला बसून बूट बांधत होता. तो म्हणाला, "चाचा, मेरे को भी सिकाओ ना फिर. फीस में बिर्यानी देतूँ."

सगळे हसले, तुम्हीही. भांडण तिथं थांबलं, पण मिटलं नाही. नंतर बसमध्ये, जेवताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना मी पुन्हा पुन्हा तेच काढायचो. दुर्बिणीतून नंबर दिसतो, चूक होत नाही. तुमचं ठरलेलं उत्तर होतं: "नंबर डोक्यानं वाचायचा असतो. गाल टेकवण्याआधी वाच, मग विसर." त्याच वर्षी तुम्ही स्वतः रायफल धरायचं सोडलंत. विचारलं तर म्हणालात, "माझं झालं. आता तुमचं बघायचं." मला वाटलं, केवढं मोठं मन. तुम्ही मागे खुर्ची टाकून बसायचात, पुष्कळदा डोळे मिटून, आणि आवाजावरून सांगायचात, "हा फिरोज. हा बालाजी, श्वास धरून ठेवला जास्त." चौकटींच्या लाकडी पाठी कुजल्या म्हणून काही लेनना पत्र्याच्या बसवल्या होत्या, त्यामुळे गोळीचा आवाज वेगवेगळा यायचा. आम्हाला ती तुमची करामत वाटायची. नवीन पोरं मुद्दाम तुमची परीक्षा घ्यायची. तुम्ही क्वचितच चुकायचात.

आता त्या चाचणीबद्दल. तुमच्या हयातीत आपण दोघं समोरासमोर तिच्याबद्दल एक अक्षर बोललो नाही, आता मी एकटाच बोलतो.

एका खात्यात खेळाडूंसाठी कारकुनाची एकच जागा निघाली होती. पदवीचं शेवटचं वर्ष होतं माझं. ती नोकरी लागली असती तर आबांचा काटा सुटला असता. पोती उचलून त्यांची कंबर गेली होती, सरळ उभं राहायला त्यांना भिंत लागायची. खात्याकडे स्वतःचं मैदान नव्हतं म्हणून चाचणी आपल्या क्लबात ठरली, आणि लाइनवर लक्ष ठेवायला तुम्हाला बोलावलं. तुम्ही नाही म्हणायला हवं होतं. तुमच्या घरात राहणारा मुलगा त्या चटईवर होता. पण तुम्ही हो म्हणालात, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलात, आणि आदल्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद केलंत. का, तर कुणी पक्षपात म्हणू नये. काकूंनी ताट वाढताना विचारलं, "अहो, त्याला मीठ हवंय का तेवढं तरी विचारू का, का त्यालाही मनाई?"

खात्याचे साहेब भले होते. त्यांनी क्लबाची तिपाईवरची मोठी दुर्बीण बघितली आणि तुम्हाला म्हणाले, "बोधनकर साब, ये लगा लो. कौन कहाँ मारा, दिखता." तुम्ही म्हणालात, "ज़रूरत नहीं साब. आँखें हैं." मी चटईवरून ऐकलं. मला तेव्हा अभिमान वाटला होता, हे लिहिताना माझेच दात शिवशिवतात.

फिरोज नेहमीसारखा माझ्या डावीकडच्या लेनवर होता. मी चांगला खेळत होतो. शेवटच्या कार्डाच्या मध्यावर डोळ्यात घाम आला. गाल उचलला, बाहीनं डोळा पुसला, पुन्हा गाल टेकवला. टेकवण्याआधी नंबर वाचला का? मला आठवत नाही. इतक्या वर्षांत ते मी इतक्यांदा आठवलंय, की आता वाचल्याचंही दिसतं आणि न वाचल्याचंही.

कार्डं आली. प्रत्येक कार्डावर दहा गोळ्या मारायच्या होत्या. माझ्या कार्डावर नऊ भोकं, फिरोजच्या कार्डावर अकरा.

साहेब कार्ड उजेडाला धरून म्हणाले, "इसका ये छेद देखो, बड़ा है. दो गोली एकीच में गई होगी." ते भोक खरंच ओबडधोबड होतं, तसं होतं कधी कधी. फिरोजकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्हारा क्या, ज़्यादा मार दिए?" फिरोज म्हणाला, "मैं तो दसीच मारा साब. पर गिनती में मैं कच्चा हूँ, ग्यारह भी मार दिया होऊँगा." तो मला वाचवत होता, काका. जागा त्यालाही हवी होती आणि तरी वाचवत होता. साहेब हसले. त्यांनी पेन उघडलं.

आणि तुम्ही म्हणालात, "नहीं साब. इसकी गोली बाजू के कार्ड पर गई. मैंने देखा. नळी डावीकडे गेली होती." शेवटचं वाक्य मराठीत आलं. तेवढं तुम्ही मला सांगत होता.

शेजारच्या कार्डावर गेलेली गोळी म्हणजे शून्य. जागा फिरोजला मिळाली. तो पेढे घेऊन आला तेव्हा दारातच रडला, आणि मीच त्याला पाणी दिलं.

मी आबांना सांगायला देगलूरला गेलो. सगळं सांगितलं. म्हटलं, "आबा, मला खात्री नाही, पण साहेब सोडून देत होते. काकांनीच..." आबा भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "किशनराव म्हनले म्हंजे खरंच असंल. त्यांनी पाह्यलं म्हनले ना?" आणि मग, "बाल्या, दुसऱ्याच्या कागदावर काहून मारलंस रे?"

त्यानंतर आबा फार जगले नाहीत. मी दुसऱ्याच्या कागदावर गोळी मारली, हे मनात धरूनच ते गेले. त्यांना तुमचा शब्द माझ्यापेक्षा मोठा होता. मलाही होता, हीच तर अडचण आहे.

परीक्षा झाली तसा मी तुमचं घर सोडलं. दिलसुखनगरला तिघांत एक खोली घेतली, शिकवणीच्या वर्गात हिशेब शिकवले, मग एका खाजगी कंपनीत लागलो. बरं चाललंय. तुम्ही निरोपाच्या वेळी जिन्यात उभे होता. मला वाटलं काही बोलाल. तुम्ही म्हणालात, "पट्टा घेऊन जा, तुझ्या मापाचा आहे." मी नेला नाही.

माझी मुलगी झाली तेव्हा फिरोजच्या हाती चांदीचा चमचा पाठवलात. तेव्हा मी कळवलं नाही, मिळाला म्हणून. काकू लग्नाला आल्या, तुम्ही आला नाहीत. फिरोज मध्येमध्ये ऑफिसात फोन करायचा: "चाचा पूछ रहे थे." मी म्हणायचो, काय विचारत होते? "कुछ नहीं, बस ऐसेच." हे "ऐसेच" मला पुरत नव्हतं. मला एक वाक्य हवं होतं.

काल पंगत उठल्यावर काकू माझ्याजवळ बसल्या. बायका भांडी घासत होत्या. काकूंना बोलायचं होतं, कुणाशीही. त्या म्हणाल्या, "डोळ्यांनी फार हाल केले रे त्यांचे. तू होतास तेव्हापासूनच की. दोन्हीकडं मोतीबिंदू, ऑपरेशन नको म्हणायचे. कुणाला सांगू दिलं नाही मला. म्हणायचे, क्लबात कळलं तर खुर्ची जाईल. समोरचं माणूस ओळखू यायचं नाही, आवाजावर ओळखायचे. तुझी ती नोकरीची परीक्षा होती ना, त्या सकाळी शर्टाची गुंडी मी लावून दिली. चुकीच्या काजात घातली होती."

मी विचारलं, "त्याच सकाळी?"

"हौ. काहून?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला. त्यांना काय सांगणार?

काका, तुम्ही पाहिलं नव्हतं. गुंडी न दिसणाऱ्या माणसाला माझी नळी केसभर डावीकडे गेलेली दिसत नाही. तिपाईवरची दुर्बीण तुम्ही अभिमानानं नाकारली नव्हती. तिला डोळा लावला असता तरी काही दिसलं नसतं, आणि ते साहेबांना कळलं असतं.

रात्रभर एकच गोष्ट फिरते आहे. तुम्ही ऐकलं असेल. फिरोजच्या लेनला पत्रा होता, माझ्या लेनला लाकूड. माझी बोटं आणि माझा श्वास तुम्हाला पाठ होता. माझी गोळी पत्र्यावर वाजली, असं तुम्ही ऐकलं असेल, आणि कदाचित बरोबर ऐकलं असेल. मग "ऐकलं" म्हणायचं होतं. साहेब हसले असते, म्हणाले असते, कानावरून मार्क कापतात का? संशयाचा फायदा मला मिळाला असता. तुम्हाला तो मिळू द्यायचा नव्हता, का तुमच्या डोळ्यांचं झाकायचं होतं? खरेपणासाठी माझी नोकरी गेली असती तर मी आबांसारखं मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. पण खरं बोलायला तुम्ही खोटं वापरलंत. आणि मला शिकवलंत काय, तर लांबचं पुसट दिसलं तरी चालतं. ज्याला सगळंच पुसट दिसत होतं, तो माझ्या धडधाकट डोळ्यांवरची दुर्बीण काढायला सांगत होता.

आणि तरीही काल त्या बोळातून जाताना भिंतीवर गोंदाचे ठिपके दिसले, टिकल्यांचे, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. तिथं मला भिंतीचा आधार घ्यावा लागला. तुमच्या एका वाक्यानं माझा जन्म बदलला आणि एका वाक्यानं मोडला. दोन्ही वाक्यं त्याच आवाजात. मी कुठलं घेऊन जाऊ?

गेल्या दसऱ्याच्या सुमारास मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही. काल कळलं, ते काकूंनीच वाचून दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, "दोनदा वाचायला लावलं. मी म्हटलं, सांगा, मी लिहिते. तर म्हणाले, राहू दे. पण त्यानंतर दर रविवारी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खोलीत बसायचे. बारा वाजेपर्यंत. मी विचारलं, कुणी यायचंय का? म्हणायचे, बघू."

ते पत्र असं होतं.

तीर्थस्वरूप काकांना,

बालाजीचा नमस्कार. चमचा मिळाला. मुलगी त्यानंच वरण खाते. हे आधीच कळवायला हवं होतं.

मी बरा आहे. जे काही आहे ते तुमच्या वरच्या खोलीमुळे आहे, हे मी ऑफिसात, घरी, सगळीकडे सांगतो. तुम्हाला मात्र कधी सांगितलं नाही, कारण मधे ती चाचणी येते.

रागानं लिहीत नाही. राग असता तर इतकी वर्षं टिकला नसता. मला फक्त विचारायचंय, तुम्ही खरंच पाहिलं होतं का? तुमच्या डोळ्यांवर माझा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे, म्हणून तुम्हालाच विचारतो. पाहिलं असेल तर "पाहिलं" एवढा एक शब्द लिहा. मी मानीन, की गोळी माझीच होती आणि आबांना जे वाटलं ते बरोबर होतं. नसेल पाहिलं, तर तेही तसंच लिहा. त्यानंही माझं काही बिघडणार नाही, उलट हलकं वाटेल.

रविवारी सकाळी मला सुट्टी असते. दोन्हीपैकी कुठलंही उत्तर आलं तरी त्याच रविवारी मुलीला घेऊन येतो. काकूंना सांगून ठेवा.

उत्तर आलं नाही, तर मात्र येणार नाही.

बालाजी